मात्रा

भिलाईच्या बोरसीतल्या मराठी घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदतात. आत ‘दाद’ गाण्याला द्यायची; बाहेर गल्लीत, हिंदीत, दाद म्हणजे नायटा. अलीकडे हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येऊ लागले आहेत: दाद औषधाला दाद देत नाही. हे असं का झालं, याचं बरंचसं उत्तर अंगठ्याएवढ्या ट्यूबमध्ये आहे. त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमं हा पुढच्या पानांचा विषय. घरोघरी वापरलेला आणि क्वचितच समजून घेतलेला.

या औषधाचं वय फार नाही. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५०चं नोबेल हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन यांना मिळालं. पण तेच कॉर्टिझोन कातडीवर चोळून काही होईना. लागू पडायचं तर शरीरात आधी त्याचं हायड्रोकॉर्टिझोन व्हावं लागतं. १९५२मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिझोनच लावून पाहिलं आणि इसबाची आग निवली. डांबराच्या मलमांवर आणि ओल्या पट्ट्यांवर भागवणाऱ्या त्वचाशास्त्राचे दिवस तिथून पालटले.

हे औषध पेशीतल्या रिसेप्टरला चिकटून केंद्रकात जातं आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांना आवरतं. इसबात दाह हाच आजार असतो. उदाहरणार्थ, १९५०च्या दशकात पुण्यात गाजरगवत आढळलं आणि पुढे त्यानं कित्येकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खळग्यात इसब उठवलं. लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी १९७४मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. इथे शरीराचा पहारा गवताच्या कणावर विनाकारण तुटून पडतो. त्याला शांत करणं हाच उपचार. नायट्यात मात्र बुरशी खरोखरच घुसलेली असते. तिथे हेच मलम लावणं म्हणजे चोर घरात असताना राखणीच्या कुत्र्याला गुंगीचं औषध देणं. भुंकणं थांबतं आणि घरचे निवांत झोपतात. १९६८मध्ये आयव्ह आणि मार्क्स यांनी अशा वेष पालटलेल्या नायट्याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं नाव दिलं. खाज इसबातही थांबते, नायट्यातही थांबते. म्हणून आराम पडला यावरून निदान बरोबर होतं असं ठरत नाही. एवढं उमगलं तरी या विषयात पाऊल पडलं म्हणायचं.

पुढचं सगळं मात्रेचं शास्त्र आहे: जोर, जागा, माप आणि दिवस. जोर मोजायची युक्ती १९६२मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी दिली. मलमानं निरोगी कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. या कसोटीवर क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिझोनच्या सुमारे सहाशे पट जोरदार मानलं जातं. जागेचा हिशेब फेल्डमन आणि माइबाख यांनी १९६७मध्ये मांडला. हाताच्या कातडीत एक भाग औषध मुरत असेल, तर कपाळावर सहा आणि अंडकोषावर बेचाळीस भाग. तळपायाला चालणारं मलम जांघेत का चालत नाही, ते या आकड्यांत आहे. जोरदार मलम नाजूक जागी रेंगाळलं की कोलॅजन कमी बनतं, कातडी पातळ होते, आणि जांघेत उमटलेले ताणाचे पट्टे सहसा जात नाहीत. मापासाठी १९९१मध्ये लाँग आणि फिन्ले यांनी चमचा बाजूला ठेवून बोट पुढे केलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंतची मलमाची वळी सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

ही मात्रा आपल्याकडे कशी चुकली, हे याच विषयातलं एक प्रकरण आहे. गोरेपणासाठी, मुरुमांसाठी, कुणीतरी सांगितलं म्हणून लोक ही मलमं तोंडाला लावत राहिले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बारा केंद्रांवरच्या, चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. लाल, जळजळत्या, मलमाविना राहू न शकणाऱ्या अशा चेहऱ्याला कोलकात्याच्या कौशिक लाहिरी यांनी २००८मध्ये ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ हे नाव दिलं होतं. मार्च २०१८मध्ये सरकारनं अशी चौदा मलमं शेड्यूल एचखाली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या अटीखाली आणली. दरम्यान स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घोटलेल्या ट्यूबा देशभर खपत होत्या. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला न जुमानणाऱ्या, नायटा करणाऱ्या बुरशीला २०२०मध्ये नाव मिळालं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावात आपला देश आहे, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

हे वाचून कुणी ट्यूब फेकून देऊ नये. स्टेरॉइड या शब्दाच्या धास्तीनं बाळाचं इसब रात्ररात्र खाजवत ठेवणारे आईबापही मात्राच चुकवतात, फक्त दुसऱ्या बाजूनं. योग्य जोराचं मलम, नेमक्या जागी, ठरल्या दिवसांपुरतं आणि सोबत रोजचं ओलावा राखणारं क्रीम, एवढ्यावर कित्येक मुलं शांत झोपतात.

म्हणून नर्सताईंनी, मेडिकल चालवणाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, आणि बरणीत तूप तसं कपाटात मलम ठेवणाऱ्या प्रत्येक घरानं या विषयात यावं. आधीची तयारी लागत नाही. घरातली जुनी ट्यूब काढा, मोठ्या अक्षरांतलं नाव सोडून द्या आणि खालची बारीक ओळ वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं, तर हे मलम कुणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिलं होतं ते आठवून पाहा. आठवलं नाही, तर पुढचं पान उलटा.

बोरसी, भिलाई