बाणकोट ते बहारीन : वादातून उरले काय?

सावित्री नदी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथे बाणकोट वसले आहे. मंडणगड तालुक्यातले हे जुने बंदर. अठराव्या शतकाच्या मध्यात ते इंग्रजांच्या हाती गेले आणि त्यांनी इथल्या किल्ल्याला आपल्या राणीचे नव्हे, तर विजयाचे नाव दिले, फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. याच बाणकोटात १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले पाद्री डोनाल्ड मिचेल येऊन राहिले. ते वर्ष सरण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून क्रॉफर्ड, कूपर, जेम्स मिचेल, स्टीव्हन्सन, नेसबिट असे पाद्री आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची केंद्रे झाली. १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरलेले जॉन विल्सन मराठी शिकायला आले तेही हर्णैलाच. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हेच.

म्हणजे पश्चिम भारतातल्या स्कॉटिश मिशनची पहिली पावले उमटली ती आपल्या कोकणात, मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या खाडीकाठी. तरीही आपल्या बोलण्या-लिहिण्यात हा इतिहास क्वचितच येतो. मिशनरी म्हटला की धर्मांतर, एवढेच आपल्याला ठाऊक. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. हे लोक ख्रिस्ताचा धर्म पसरवायलाच आले होते, ते त्यांनी कधी लपवले नाही, आणि त्यांच्या डोक्यावर कंपनी सरकारची सावली होती. पण जे घडले ते एवढेच नव्हते.

सुरुवात झाली ती वादविवादाने. विल्सन मुंबईत गेले आणि हिंदू, पारशी, मुसलमान अशा सर्वांशी त्यांनी वाद घातले. १८३० च्या दशकात हाजी महंमद हाशिम इस्फहानी यांनी त्यांच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, विल्सन यांनी तिला लेखी उत्तर दिले. उत्तरेत याहून मोठा सामना झाला. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर मुनाजरा झाला. फांडर यांचे 'मीजानुल हक' आणि मौलानांचे 'इजहारुल हक' ही दोन पुस्तके आजही या वादाची साक्ष देतात. मौलानांनी फांडर यांना कसे निरुत्तर केले याची कहाणी उर्दू वाचणाऱ्या घरांत अभिमानाने सांगितली जाते.

पण कहाणी तिथेच थांबवली जाते, हे आम्हाला खटकते. १८५७ च्या बंडानंतर मौलानांची मालमत्ता जप्त झाली, त्यांना देश सोडून मक्केला जावे लागले. तिथे त्यांनी काय केले? १८७० च्या दशकात एक मदरसा उभारला. त्यासाठी पैसा दिला कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांनी, म्हणून त्याचे नाव मदरसा सौलतिया. ज्यांनी पाद्र्यांना वादात हरवले त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे शाळेला दिली, आणि ती शाळा एका बाईच्या दानातून उभी राहिली. याच दशकात, १८७४ साली, मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजींबरोबर कोकणी समाजाचे नाखुदा महंमद अली रोगे होते. वाद पुरेसा नाही, तालीम हवी, हे त्या पिढीतल्या जाणत्यांनी ओळखले होते.

मिशनरीही हाच धडा शिकत होते. कोकणात त्यांनी ठिकठिकाणी मराठी शाळा काढल्या. मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८७३ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने रत्नागिरीत केंद्र उघडले. पुढे याच मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभारले. घाटाखालच्या आमच्या गावांत 'मिरजेला नेले' या दोन शब्दांत दुखणे किती मोठे आहे ते कळत असे. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या गावी मिशनच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि परतताना दर्ग्यावर फातिहा पढायचा, यात आमच्या बुजुर्गांना काहीच विसंगत वाटले नाही. वेंगुर्ल्यालाही याच मिशनचे सेंट ल्यूक्स इस्पितळ होते. वेंगुर्ले १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तिथल्या मिशनरी डॉक्टरांच्या घरी १९१९ साली जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढे अमेरिकेचे भारतातले राजदूत झाले.

आता समुद्रापलीकडे पाहू. आपल्या किती घरांतली माणसे बहारीन, कुवेत, मस्कतला आहेत हे सांगायला नको. त्याच बंदरांत मिशनरी आपल्या आधी पोचले होते. १८८९ मध्ये अमेरिकेत 'अरेबियन मिशन' स्थापन झाले. त्याचे तरुण पाद्री सॅम्युएल झ्वेमर आणि जेम्स कँटीन यांनी बसरा, बहारीन, मस्कत इथे केंद्रे काढली. झ्वेमर हे वाद घालणारे गृहस्थ. इस्लामी जगात ख्रिस्ती धर्म पसरवायचाच, या ईर्ष्येने त्यांनी पुस्तके लिहिली, १९११ मध्ये 'मोस्लेम वर्ल्ड' हे त्रैमासिक काढले, त्याच वर्षी लखनौला मुसलमानांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांची परिषद भरवली.

फळ काय मिळाले? अरबस्तानात त्यांच्या हयातीत ख्रिस्ती झालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मात्र बहारीनला १९०३ मध्ये सुरू झालेले मेसन मेमोरियल इस्पितळ टिकले. तेच आजचे अमेरिकन मिशन हॉस्पिटल. कुवेतमध्ये १९१२ साली डॉ. एलेनॉर कॅल्व्हर्ली आल्या. परपुरुषाला नाडी दाखवायला संकोचणाऱ्या बायकांना प्रथमच बाई डॉक्टर मिळाली. १९२० च्या जहराच्या लढाईत जखमी झालेल्या कुवेती सैनिकांवर मिशनच्या डॉ. मायलरी यांनी उपचार केले. आपला दीन तसूभर न सोडता अरबांनी मिशनची औषधे घेतली आणि डॉक्टरांना इज्जत दिली.

हळूहळू नाते बदलले. १९६० मध्ये अल ऐनच्या शेखांच्या बोलावण्यावरून केनेडी हे डॉक्टर दांपत्य तिथे गेले, तेव्हा त्या भागात इस्पितळच नव्हते. यजमान मुसलमान, वैद्य ख्रिस्ती. कुवेतचे मिशन इस्पितळ १९६७ मध्ये बंद झाले, कारण तोवर सरकारची स्वतःची इस्पितळे उभी राहिली होती. त्याच वास्तूत आता 'अमेरिकानी' नावाचे सांस्कृतिक केंद्र आहे आणि ते चालवते इस्लामी कलावस्तूंचा संग्रह सांभाळणारी संस्था. कुवेतकरांनी वास्तू पाडली नाही, नावही पुसले नाही. यात त्यांचा ईमान कुठे कमी झाला?

हे आपल्याला नवे वाटू नये. मक्केत छळ झाला तेव्हा हुजूर (स.) यांनी आपल्या साथीदारांना पाठवले ते हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे. नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेला आले तेव्हा त्याला मस्जिदे नबवीत उतरवून घेतले. मतभेद होते, चर्चा झाली, तरी पाहुणचारात उणीव राहिली नाही. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीत अल अजहरचे शेख अहमद अल तय्यब आणि पोप फ्रान्सिस यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या, ती त्याच रस्त्यावरची पुढची मजल होती.

वर्गात खडू हातात घेऊन उभे राहताना आम्हाला एक प्रश्न छळतो. पाद्र्यांना उत्तर देण्यात आपण कमी पडलो नाही, पण त्यांच्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या तोडीचे आपण किती उभारले? आखाताच्या पैशातून आपल्या मोहल्ल्यांत देखणी घरे झाली, मशिदींना संगमरवर लागला. काही चांगल्या शाळाही निघाल्या, त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण जिथे शेजारच्या वाडीतला कुळवाडी आणि बौद्धवाडीतली बाई निःसंकोच येईल, असे आपले इस्पितळ किती गावांत आहे? आजारी माणसाचा मजहब विचारायचा नसतो, हे मिशनऱ्यांनी आपल्याला शिकवावे इतके ते आपल्याला परके आहे का?

मिशनरी धर्म द्यायला आले आणि औषध देऊन गेले. आपण औषध घेतले आणि धर्म राखला. आता देण्याची पाळी आपली आहे. बाणकोटच्या खाडीत तेव्हा परक्यांची गलबते शाळा घेऊन आली होती, आज त्याच खाडीकाठच्या घरांत बहारीन-कुवेतहून पैसा येतो. त्यातला काही वाटा सर्वांसाठी उघड्या असलेल्या एखाद्या दारावर खर्च झाला, तर मौलाना कैरानवी आणि सौलतुन्निसा बेगम यांचा वारसा आपण खऱ्या अर्थाने चालवला असे होईल.