आकडी, ऑटिझम आणि आईला लागलेला बोल

मागे एकदा आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. हप्त्यांचा हिशेब चालला होता. एक ताई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. पोरगं कुणाकडे बघत नव्हतं, हाक मारली तरी वळत नव्हतं, बाटलीचं झाकण एकसारखं फिरवत बसलं होतं. मधेच त्याला आकडी आली. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा फोडला. पोर शांत झाल्यावर ती ताई हळूच म्हणाली, “घरात सगळे म्हणतात, पोटुशी असताना तूच ग्रहण पाळलं नाहीस.”

आम्ही गप्प झालो, कारण आमच्यापैकी कित्येकींनी असलं बोलणं ऐकलेलं होतं. काहींनी दुसरीला ऐकवलंही होतं. म्हणून आज ठरवलं, हा बोल आईच्या माथी कसा आला आणि तो कसा खोटा ठरला, याचा इतिहास सांगायचा.

आकडी, फिट, फेफरं, मिरगी, अपस्मार. नावं पाच, आजार एकच. चरकसंहितेत अपस्मारावर वेगळा अध्याय आहे. वात, पित्त, कफ यांवरून त्याचे प्रकार तिथे पाडले आहेत. ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी सुमारे 2400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की हा देवाचा कोप नाही, आजार मेंदूतला आहे. म्हणजे शहाणपण जुनंच आहे. पण ते पोथीत राहिलं, आणि गावात अंगारा, गंडादोरा चालू राहिला.

मेंदूत नेमकं काय होतं ते दिसायला 1924 साल उजाडलं. जर्मनीतले डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतली बारीक वीज कागदावर उमटवली. 1929 साली त्यांनी ते छापलं. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो, ती हीच तपासणी. मेंदूच्या पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींशी बोलतात. पुष्कळ पेशी एकाच वेळी बेताल होऊन उसळल्या, की फिट येते. शेतातल्या डीपीवर एकदम दाब आला की सगळ्या मोटारी जशा झटका खातात, तसंच समजा. यात कुणाची नजर नाही आणि कुणाचं पापही नाही.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचा पाया मुंबईत घातला गेला. केईएम रुग्णालयातले डॉक्टर एडी भरूचा हे इथल्या मेंदूविकारशास्त्राच्या आद्य डॉक्टरांपैकी. 1970 साली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली, त्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे 1985 साली मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर पाहणी झाली. सुमारे 14,000 माणसांची विचारपूस झाली आणि हजारामागे चार-पाच जणांना फिटचा आजार असल्याचं आढळलं. यातून आपल्याला काय कळतं? शिकल्यासवरल्या, शहरातल्या घरांतही हा आजार आहेच. आपलं गाव दोन हजार वस्तीचं असेल, तर तेवढ्याच प्रमाणात आठ-दहा माणसं आपल्यातही असणार. ती दिसत नाहीत, कारण आपण ती लपवतो.

आता ऑटिझमकडे वळू. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. 1943 साली अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन लिहिलं. ही मुलं आपल्यातच रमलेली, बोलण्यात वेगळी, रोजच्या गोष्टीत बदल झाला की कासावीस होणारी. वर्णन अचूक होतं. पण सोबत त्यांनी या मुलांच्या आईबापांचा कोरडेपणाही नोंदवला, आणि पुढे लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. आई बर्फासारखी थंड, तिनं माया लावली नाही, म्हणून पोर असं झालं, असं मोठमोठे तज्ज्ञ बोलू लागले. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 साली याच विचाराचं पुस्तक लिहिलं. बघा मैत्रिणींनो, आपल्याकडे ग्रहण, त्यांच्याकडे माया. कारण वेगळं, पण बोट दोन्हीकडे आईकडेच.

हे बोट खाली आणायला दोन गोष्टी कामी आल्या. पहिली म्हणजे आईबापांची जिद्द. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. 1964 साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं, की याचं मूळ मेंदूत आहे. त्याची प्रस्तावना खुद्द कॅनर यांनी लिहिली. 1969 साली कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडीच. लंडनमध्ये डॉक्टर मायकेल रटर आणि त्यांचे सहकारी स्वमग्न मुलं मोठी होईपर्यंत त्यांची नोंद ठेवत राहिले. त्यांना दिसलं, की साधारण चौघांतल्या एकाला वयात येईपर्यंत फिट सुरू झाल्या. आता सांगा, माया कमी पडली म्हणून कुणाला आकडी येते का? आकडी येते म्हणजे मूळ मेंदूच्या घडणीत आहे. 1977 साली सुझन फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास छापला. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत अशी एकही नव्हती. आई तीच, घर तेच, तरी एवढा फरक. म्हणजे बराच भाग रक्तातून, जन्माआधीच ठरलेला असतो.

डॉक्टरांनी बोल काढला, पण कायद्यात तो बराच काळ राहिला. हिंदू विवाह कायदा 1955 सालचा. 1976 साली त्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार अपस्माराचे झटके येणाऱ्या माणसाचं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येईल, अशी सोय झाली. फिट येणाऱ्या लेकीला माहेरी धाडायला कायद्याचाच आधार मिळाला. हा शब्द 1999 साली काढला गेला. मध्ये 23 वर्षं गेली. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर स्पष्ट सांगितलं, की अपस्मार हा असाध्य आजार नाही आणि मनोविकारही नाही, त्यावरून घटस्फोट मागता येत नाही. ही गोष्ट आपल्या लेकीसुनांना माहीत असायला हवी.

1999 सालीच ऑटिझम असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे. म्हणून अशा मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढता येतं.

आता कामाचं. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, जवळचा दगड-धोंडा बाजूला सारा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, चप्पल-कांदा नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ येत राहिली, तर 108 ला फोन करा. गोळ्या मनाने बंद करू नका. लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या बाईनं गोळ्या चालू ठेवून आधीच डॉक्टरांना विचारावं, कारण काही औषधं पोटातल्या बाळाला चालत नाहीत. स्वमग्न मुलांना फिट दोन वयांत जास्त करून सुरू होतात, अगदी लहानपणी आणि वयात येताना. तेव्हा दोन्ही वेळी लक्ष ठेवा.

कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण, कुठूनही असो, आपल्याला घाटी रुग्णालयाची वाट माहीत आहे. 1956 साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं ते रुग्णालय. आधी आशाताईला सांगा, चिठ्ठी घ्या, मग जा.

त्या ताईसोबत आमच्यातल्या दोघी गेल्या. पोराला गोळ्या सुरू झाल्या आहेत. तो अजून झाकणच फिरवतो, आणि आम्ही त्याला फिरवू देतो. पुढच्या बैठकीला तिची सासूही आली. काही बोलली नाही. नातवाला मांडीवर घेऊन बसली. आम्हाला तेवढं पुरे होतं.