घटका, भरती आणि लोकल : पनवेलच्या संदर्भात घाईचा इतिहास

प्रस्तावना :
वेळेचे व्यवस्थापन हा विषय आज कार्यशाळांतून व व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून मांडला जातो. तेथे घाई हा व्यक्तीच्या शिस्तीचा दोष मानला जातो. घाईची भावना ही प्रामुख्याने सार्वजनिक घड्याळ आणि वाढते अंतर यांतून घडलेली ऐतिहासिक बाब आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात पनवेलच्या आधारे केले आहे.

भरतीचा काळ :
रेल्वेपूर्व काळात मुंबईहून पुण्यास जाणारे अनेक प्रवासी जलमार्गाने पनवेल बंदरात उतरत व तेथून बोरघाट चढत. १८३० मध्ये घाटातील गाडीरस्ता खुला झाला, तरी खाडीतील होडीचा प्रवास भरतीवरच अवलंबून होता. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे होडीला रोजची एकच वेळ असणे शक्य नव्हते. काटेकोरपणा मात्र अपरिचित नव्हता. अहोरात्र ६० घटकांचे, घटका २४ मिनिटांची. लग्नघटिका साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडले जाई. भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यालाही घाई असे. परंतु ती हंगामाबरोबर संपत असे.

घड्याळाचा वाद :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढे पुण्याचा लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण झाल्यावर पनवेल मुख्य वाहतुकीपासून बाजूला पडले. मुंबईत मात्र वेळ हा संघर्षाचा विषय बनला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. घड्याळात तीच वेळ दिसली, तरी सूर्याच्या हिशेबाने कामगाराला तेवढे लवकर उठावे लागणार होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद केले. मुंबई महानगरपालिकेने तर १९५५ पर्यंत ‘मुंबई वेळ’ जपली. वेळ कोणाच्या सोयीने ठरावी, हा प्रश्न तेव्हा उघडपणे सार्वजनिक होता.

लोकलचा काळ :
१९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत पोहोचली. सुमारे ४९ किलोमीटरवरील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाण्यास सव्वा ते दीड तास लागतो. म्हणजे रोज अडीच ते तीन तास प्रवासात जातात. लोकलने प्रवासाचा वेळ वाचवला, हे खरे. परंतु त्या बचतीमुळेच दूर राहून मुंबईत नोकरी करणे शक्य झाले, आणि वाचलेला वेळ वाढलेल्या अंतरात जिरला. द्रुतगती मार्ग, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ यांच्याबाबतही हा धोका संभवतो.

निष्कर्ष :
वेळापत्रक आखण्याचा उपयोग नाकारता येत नाही. तथापि पहाटेची लोकल गाठणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ नियोजनाचा उपदेश करणे हे सामूहिक प्रश्नाचे ओझे एकट्यावर टाकणे होय. रविवारची सुटी वैयक्तिक शिस्तीतून मिळाली नव्हती. ती संघटित मागणीतून मिळाली. तासिकांच्या वेळा, कामाचे तास आणि निवासापासूनचे अंतर यांचा विचार महाविद्यालयांनीही याच दृष्टीने करणे आवश्यक आहे.