वजाबाकीत सापडलेला विषाणू

३ जुलै १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी नोंद आली. आधीच्या तीस महिन्यांत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात २६ पुरुषांना कापोसी सार्कोमा झाला होता. यात अंगावर जांभळट-तपकिरी डाग उठतात, हळूहळू त्यांच्या गाठी होतात. हा कॅन्सर डॉक्टरांना पुस्तकातून माहीत होता. पण तिथं तो भूमध्य समुद्राकाठच्या आणि ज्यू म्हाताऱ्यांचा, निवांत वाढणारा आजार होता. या २६ जणांचं सरासरी वय होतं ३९. सगळे समलिंगी. त्यांतले आठ जण निदानानंतर दोन वर्षांच्या आत गेले.

आजाराचं नाव ज्याच्यावरून पडलं, त्या मोरित्झ कापोसीने व्हिएन्नात १८७२ साली त्याचं पहिलं वर्णन केलं होतं. त्याचं मूळ आडनाव कोन. हंगेरीतल्या कापोश्वार या जन्मगावावरून त्याने नवं घेतलं, आपल्याकडच्या 'कर' मंडळींसारखं!

पुढं एड्स हे नाव आलं, एचआयव्ही सापडला. कापोसीचे डाग म्हणजे एड्सची जाहिरातच झाली. आजार लपवता येईल, पण नाकावरचा जांभळा डाग कसा लपवणार? लोक मेकअपचे थर लावत. आणि कारण काय, तर 'यांचं वागणंच तसं'. पार्ट्यांमध्ये हुंगल्या जाणाऱ्या 'पॉपर्स'वरही बराच काळ संशय होता.

पण हिशोब जुळत नव्हता. १९९० साली व्हॅलरी बेरल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एड्स रुग्णांचे आकडे मांडले. समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांमध्ये कापोसी २१ टक्के, हिमोफिलियाच्या रुग्णांमध्ये जेमतेम १ टक्का. हिमोफिलियावाल्यांना एचआयव्ही रक्तातून बनवलेल्या औषधातून मिळालेला. एचआयव्ही दोघांकडे तोच, मग डाग एकालाच का? म्हणजे एचआयव्ही फक्त दार उघडत होता, आत शिरणारा दुसराच कुणीतरी होता. मला या सगळ्या गोष्टीत हा पेपर सर्वांत आवडतो. सूक्ष्मदर्शकाला हात न लावता, नुसत्या रकान्यांवरून त्यांनी न दिसलेल्या जंतूचा अंदाज बांधला.

तो दाखवला युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याने, १९९४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. युक्ती साधी होती, वजाबाकी. एकाच रुग्णाची गाठ घ्यायची आणि त्याचीच निरोगी त्वचा घ्यायची. दोन्हींत जे डीएनए सारखं आहे ते काढून टाकायचं, गाठीत जास्तीचं उरेल तो पाहुणा. उरलेले काही शे अक्षरांचे तुकडे नागीण, कांजिण्या ज्या कुळातून येतात त्या हर्पिस कुळातल्या एका नव्या विषाणूचे निघाले. कापोसीच्या ९० टक्क्यांहून जास्त नमुन्यांत ते सापडले. माणसाला होणारा हा आठवा हर्पिस विषाणू.

मग कळलं की हा विषाणू थुंकीतही असतो. आफ्रिकेच्या बऱ्याच भागात तो लहान मुलांना घरातच मिळतो. तिथं हा कॅन्सर एड्सच्या आधीपासून होताच, मुलांनासुद्धा. त्या मुलांच्या 'वागण्या'बद्दल कोण काय बोलणार? भारतात हा विषाणू कमी पसरलेला आहे, म्हणून एचआयव्हीचे रुग्ण लाखोंनी असूनही इथं कापोसी क्वचितच दिसतो.

त्वचेचे बहुतेक कॅन्सर उन्हामुळेच होतात, हे विसरायचं नाही. पण या जोडप्याने वजाबाकी सोडली नाही. मर्केल सेल कार्सिनोमा हा दुर्मिळ, झपाट्याने पसरणारा कॅन्सर वृद्धांमध्ये दिसतो, आणि एड्सच्या किंवा किडनी बदललेल्या रुग्णांमध्ये जास्त. पुन्हा तोच धागा: प्रतिकारशक्ती दुबळी. २००८ साली पिट्सबर्गमध्ये त्यांच्या गटाने गाठींमधल्या जनुकांचे जवळपास चार लाख तुकडे वाचले आणि संगणकावर त्यांतून माणसाचे सगळे वजा केले. एक अनोळखी विषाणू उरला. दहापैकी आठ गाठींत तो होता.

हा मर्केल विषाणू मात्र परका नाही. बहुतेकांना तो लहानपणीच भेटतो आणि कातडीवर गुपचूप राहतो. हा मजकूर ज्या बोटाने तुम्ही वर सरकवताय, त्या बोटावरही तो असू शकतो. कॅन्सर होतो तो फार थोड्यांना, विषाणूचा डीएनए मोडून पेशीच्या डीएनएत अडकला तर. कापोसीचे डाग एचआयव्हीच्या औषधांनी पुष्कळदा फिके पडतात. त्याच्या विषाणूवर लस अजून आलेली नाही.