गोधडी आणि कुत्रा : बारामती-इंदापूरच्या माळावरचा न मोजलेला इतिहास

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्याने मोजणी करू लागले. प्रिंगल यांची त्याआधीची आकारणी इतकी जड ठरली होती की रयत गावे सोडून जात होती. नव्या मोजणीत शेताची प्रत ठरली, हद्दीचे दगड रोवले गेले आणि तीस वर्षांचा सारा बांधला गेला. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या रयतवारी पद्धतीचा पाया या कोरडवाहू तालुक्यात घातला गेला.

मोजणीदारांनी पाहिलेल्या प्रत्येक घरात दोन गोष्टी होत्या. त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात झाली नाही. एक, खुंटीवर किंवा उतरंडीशेजारी घडी घालून ठेवलेली गोधडी. दुसरी, उंबऱ्याबाहेर पाय पोटाशी घेऊन पडलेला कुत्रा.

गोधडी शिवणे आणि कुत्रा पाळणे यांना आज ‘छंद’ म्हणतात. या माळावर मात्र ती दोन्ही कामे होती. तरीही ती निव्वळ कामे होती काय, हा प्रश्न उरतोच.

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथे पोहोचेपर्यंत विरून जातो. जेजुरीजवळून येणारी कऱ्हा बारामती ओलांडून सोनगावला नीरेस मिळते. नद्यांच्या काठी काळी जमीन, बाकी सारा मुरमाड माळ. अशा भूमीत ज्वारी-बाजरी आणि मेंढी यांवर संसार चालत असे. हिवाळ्याच्या रात्री उघड्या माळावर थंडी बोचरी, आणि कपडा महाग.

कपडा किती महाग होता याची कल्पना १८७५ च्या घटनेवरून येते. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे, खतावण्या जाळल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात गेलेल्या उठावाची ही सुरुवात होती. लगेच पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत पुरला. अशा घरात फाटलेले लुगडे टाकून देण्याची वस्तू नव्हे. ते पुढच्या दहा-पंधरा हिवाळ्यांचे भांडवल होते.

त्या भांडवलाची रीत अशी होती. चैत्र-वैशाखात शेतीची कामे थंडावली की जुनी सुती लुगडी, धोतरे, फेटे, पोरांच्या झबल्यांचे तुकडे बाहेर निघत. सारवलेल्या अंगणात एक धडके लुगडे पाठ म्हणून अंथरले जाई. त्यावर विरलेल्या कापडाचे थर चढत, भोक दिसेल तेथे ठिगळ बसे आणि वर पुन्हा एक बऱ्यापैकी कापड येई. मग जाड सुई, सुताचा दोरा आणि धावदोऱ्याचा टाका. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून एकात एक चौकोन घेत टाके मध्याकडे सरकत. दोन-तीन बायका समोरासमोर बसत. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब. पुढे वर्षानुवर्षे त्या टाक्यांवरून कोणती बाजू कोणी शिवली हे ओळखता येई.

येथे गरज संपते आणि दुसरे काही सुरू होते. ऊब मिळण्यासाठी थर पुरेसे असतात. मधोमध लाल खणाचा चौकोन बसवण्याची गरज नसते. निळ्या ठिगळाला समोरच्या कोपऱ्यात निळ्याच ठिगळाची जोड देण्याने गोधडी अधिक उबदार होत नाही. ती जोड कोणीतरी मुद्दाम दिलेली असते, आणि ती देताना तिला आनंद झालेला असतो. कामाच्या पोटात छंद असा लपलेला असे. बायकांना रिकामा वेळ नव्हता म्हणून त्यांना छंदही नव्हता, हे सरसकट विधान गोधडीच्या साध्या निरीक्षणानेही टिकत नाही.

जुने कापड जोडून नवे करण्याची रीत जगभर आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली, उत्तर कन्नडातील सिद्दी स्त्रियांची कवंडी, जपानचे बोरो ही सारी गोधडीची भावंडे. अमेरिकेत १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या आणि कलासमीक्षक चकित झाले. अलाबामातील गीज बेंड या वस्तीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनला भरले, तेव्हा त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांशी झाली. महाराष्ट्राच्या गोधडीला असा दिवस उशिरा आणि अर्धवटच लाभला. गीता खंडेलवाल यांनी गावोगावच्या गोधड्यांवर सिद्ध केलेला ग्रंथ हे त्यातले मोलाचे काम.

मराठी मनात मात्र या वस्त्राला फार जुनी प्रतिष्ठा आहे. नाथयोग्याची कंथा म्हणजे ठिगळांचेच वस्त्र. भीमेपलीकडच्या कर्जतचे ग्रामदैवत संत गोदड महाराज. त्यांच्या नावातही हेच वस्त्र ऐकू येते. गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत. दत्तात्रेयाच्या मूर्तीभोवती तर चार कुत्री असतात. ज्याने सर्व सोडले त्याच्याजवळ ठिगळाचे वस्त्र आणि कुत्रा एवढेच उरते, अशी ही प्रतिमा आहे. नामदेवांची कथा त्याहून घरगुती: कुत्र्याने भाकरी पळवली आणि कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नामदेव जातीने शिंपी होते, हे येथे आठवावे. सुई-दोऱ्याच्या घरातल्या माणसाला कुत्र्यात विठ्ठल दिसला, ही गोष्ट वारकऱ्यांच्या शेकडो पिढ्यांनी नव्हे, तरी कित्येक पिढ्यांनी मुलांना सांगितली आहे.

आता कुत्र्याकडे वळू.

या माळावरचा खरा कुत्रा म्हणजे धनगराच्या वाड्याचा राखणदार. दसरा-दिवाळीच्या सुमारास मेंढपाळांचे वाडे पश्चिमेकडे, मावळ आणि कोकणाच्या दिशेने निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर माळावर परतत. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड. त्यात भांडी, कोकरे, कोंबड्या, घोंगडी आणि गोधड्यांची वळकटी. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत आणि खताच्या बदल्यात धान्य देत. रात्री मेंढ्यांभोवती जाळीची वाघर लागे. वाघरीबाहेर कुत्री असत, कारण माळावर लांडगा होता. इंदापुरातील कडबनवाडीच्या गवताळ रानात तो आजही आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी राखलेले आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. घोंगडी लोकरीची, ती मागावर विणली जाते, बाजारात विकली जाते, तिला भाव असतो. गोधडी घरात शिवली जाते आणि सहसा विकली जात नसे. म्हणून घोंगडीचा उल्लेख जुन्या व्यवहारांत सापडतो, गोधडीचा शोधावा लागतो. कुत्र्याचेही तसेच. मेंढ्यांवर कर बसे, म्हणून त्यांची गणती होई. कुत्रा करमुक्त, म्हणून कागदावर अदृश्य.

मात्र धर्मात तो अदृश्य नाही. धनगरांचा खंडोबा घोड्यावर बसतो आणि त्याच्यासोबत कुत्रा असतो. जेजुरीच्या या देवाने धनगराच्या बाणाईसाठी मेंढ्या राखल्या, असे कथा सांगते. त्याचे उपासक ते वाघ्ये. हातातल्या कोटंब्यात भिक्षा घेणे आणि देवापुढे कुत्र्यासारखे भुंकणे ही त्यांची जुनी रीत. देवाचा कुत्रा होणे यात त्यांना कमीपणा वाटत नसे. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची अनेक वर्षे धनगरांच्या ओव्या आणि दैवते अभ्यासण्यात घालवली. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांना समजून घ्यायचे तर आधी मेंढपाळाचे जग समजून घ्यावे लागते, हे त्यांच्या ग्रंथांनी दाखवून दिले.

बारामतीत बसून आणखी एका माणसाने कुत्र्याची मोठी कथा मराठीच्या वाटेवर आणली. मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहिले आणि संपूर्ण महाभारत त्यांनी आर्यावृत्तात उतरवले. महाभारताची एक गंमत सहसा लक्षात येत नाही. त्याच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात विनाकारण मार खाल्लेले पिल्लू आहे आणि त्याची आई सरमा राजाला जाब विचारते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे.

इतिहासाच्या चाहत्यांना येथे रायगडावरचा वाघ्या आठवेल. शिवसमाधीजवळचे त्याचे स्मारक १९३६ मध्ये उभे राहिले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यासाठी देणगी दिली होती. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याचा समकालीन पुरावा नाही. त्यावरून वाद झाले. २०१२ मध्ये पुतळा काढून टाकला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये मागणी पुन्हा पेटली. या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. होळकरांचे आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलेले, आणि मल्हारराव मेंढपाळ धनगराच्या घरातले. मेंढपाळाच्या वंशजाने कुत्र्याच्या स्मारकाला पैसे द्यावेत, यात अनाकलनीय काही नाही. कथा ऐतिहासिक आहे काय, याचे उत्तर ‘पुरावा नाही’ असेच द्यावे लागते. ती लोकांना का हवीशी वाटली, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माळावर सापडते.

पुरावाच हवा असेल तर तो इतरत्र आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याविषयी ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे: शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी मिळाली, एका दरबारात महाराजांनी त्यालाच जरीची वस्त्रे, दागिने आणि आपली पगडी घातली. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. त्याहून आठशे वर्षे मागे गेले तर राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला अतकूरचा शिलालेख भेटतो. इ. स. ९४९-५० च्या या लेखात मणलेर नावाच्या वीराने राजा बूतुगाकडून बक्षीस म्हणून ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतल्याचे कोरले आहे. काळी रानडुकराशी झुंजला, दोघेही मेले आणि त्याच्यासाठी दगड उभारला गेला. आज तो दगड बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

दगडाला हजार वर्षे आयुष्य असते, गोधडीला जेमतेम वीस. लुगड्याची गोधडी होते, गोधडी विरली की तिच्या बऱ्या भागातून बाळाचे दुपटे निघते, उरलेला तुकडा कुत्र्याखाली जातो आणि शेवटी त्याचे पोतेरे होते. जी वस्तू पूर्णपणे वापरली जाते ती संग्रहालयापर्यंत पोहोचत नाही. कुत्र्याखालचा तो तुकडा हा बहुधा कोण्या पणजीच्या हातच्या टाक्यांचा शेवटचा पुरावा असे.

१८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि चित्र पालटले. ऊस आला, १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, पुढे उजनीचे पाणी आले. चराऊ माळ आक्रसले, वाड्यांच्या वाटा अडल्या. घरात सोलापुरी चादरी आणि पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली. सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. त्यांची गोधडी निसरडी होते आणि घाम शोषत नाही. गोधडीची सक्ती अशी संपली. आता जी शिवते ती आवडीने शिवते. शहरांत गोधडी विकतही मिळते. कुत्राही राखणीतून मोकळा होऊन पलंगावर आला, आणि ज्याला घर मिळाले नाही तो माळावर मोकाट झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने पुण्याजवळच्या माळरानात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे दाखवले. ज्याच्यापासून राखण करायची त्याच्याशीच सोयरीक. लांडग्याच्या वंशासाठी ही चिंतेची बाब आहे.

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. जुन्या अर्थव्यवस्थेतील कापड आणि मेंढी ही दोन्ही तेथे एका दिवसापुरती एकत्र दिसतात.

घटस्थापनेआधी घरोघर वाकळा-गोधड्या धुवायला निघतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ती चांगली संधी आहे. गोधडी वाळत असताना तिची लांबी-रुंदी, थर, दोरा सुती की नायलॉनचा, टाके कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाले आणि कोठे संपले, एवढे टिपून घ्यावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. मग आजीला जवळ बसवून एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारावे की हे कोणाचे लुगडे, कोणत्या लग्नातले. नावे तिच्या तोंडून येतील तशीच लिहावीत, आणि वाड्यावरच्या कुत्र्यांची नावे तिला आठवत असतील तर तीही.