पाहणें आणि ऐकणें : विमानांच्या पहाऱ्याची कथा

इंग्लंडांतील डॅव्हेंट्री येथें ब्रिटिश नभोवाणीचें एक लघुलहरी केंद्र होतें. साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांत बातम्या व संगीत पोंचविणें हें त्याचें काम. परंतु २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं या केंद्रांतून निघणाऱ्या लहरींकडून एक निराळेंच काम करून घेण्यांत आलें. रॉबर्ट वॉटसन-वॅट व अर्नोल्ड विल्किन्स या शास्त्रज्ञांनीं कांहीं मैलांवरच्या एका शेतांत ग्राहक-यंत्र मांडलें. हेफर्ड जातीचें एक बाँबफेकें विमान त्या लहरींच्या झोतांतून मागें-पुढें उडविण्यांत आलें. आणि विमानाच्या धातूवर आपटून परतलेल्या लहरींची खूण यंत्राच्या काचेवर हलूं लागली. सुमारें आठ मैलांपर्यंत त्या विमानाचा माग लागला. दूरदेशीं गाणें ऐकविणाऱ्या लहरी माणसाच्या नजरेपलीकडचें पाहूंही शकतात, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. ब्रिटिश रडारचा पाया घातला गेला तो असा.

या पाहण्याचा एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रडार विमानाला कांहीं विचारीत नाहीं व त्याची संमतीही मागत नाहीं. आकाशांत धातूचें कांहीं उडत असेल, तर तें मित्राचें असो वा शत्रूचें, त्याचा प्रतिध्वनि परत येतो. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत या पहाऱ्याची रीत दोनदां पालटली. आरंभीं पहारेकरी नुसता पाहत असे. मग तो विमानाला विचारूं लागला. आणि आतां तो पुष्कळ ठिकाणीं केवळ ऐकत बसतो. प्रत्येक पालटाच्या वेळीं वाद झाला, आणि त्या वादांत दोन प्रश्न पुनःपुन्हां निघाले. विमानानें स्वतःविषयीं दिलेल्या खबरेवर भरंवसा कितपत ठेवावा? आणि ती खबर देण्याच्या साधनाचा खर्च कोणी सोसावा?

युद्ध संपल्यावरही प्रवासी विमानांच्या वाट्याला हा पहारा लवकर आला नाहीं. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतसुद्धां मोठ्या शहरांपासून दूर गेलें कीं वैमानिकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें व टक्कर टाळावी, असाच नियम होता. ३० जून १९५६ रोजीं लॉस एंजिल्सहून तीन मिनिटांच्या अंतरानें दोन मोठीं विमानें निघालीं. ग्रँड कॅनियनच्या प्रचंड दरीवर, ढगांच्या सोबतीनें जात असतांना, तीं एकमेकांवर आदळलीं. दोन्ही विमानांतील मिळून १२८ माणसें गेलीं. एकही वांचलें नाहीं. जमिनीवरून त्यांच्याकडे पाहणारें कोणीच नव्हतें. लोकमत खवळलें, काँग्रेसमध्यें चौकशा झाल्या, आणि १९५८ सालीं सर्व नागरी आकाशाची जबाबदारी एका नव्या मध्यवर्ती संस्थेकडे सोंपविणारा कायदा झाला. रडारसाठीं जो पैसा अगोदर मिळत नव्हता, तो त्या दुर्घटनेनंतर मिळूं लागला.

परंतु रडार आलें तरी त्याच्या पडद्यावर दिसे तो केवळ एक ठिपका. त्या ठिपक्याला नांव नव्हतें, आणि उंची तर नव्हतीच. एकमेकांवरून जाणारे दोन ठिपके खरोखर एका पातळीवर आहेत, कीं त्यांच्यामध्यें मैलभर पोकळी आहे, हें नियंत्रकाला तेवढ्यावरून कळत नसे. या अडचणीवरचा उपायही युद्धानेंच दिला होता. आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें ओळखण्यासाठीं लढाऊ विमानांत एक उत्तर देणारें यंत्र बसवीत असत. जमिनीवरून सांकेतिक पृच्छा आली कीं तें ठराविक उत्तर देई. हेंच यंत्र पुढें नागरी विमानांत ‘ट्रान्सपाँडर’ या नांवानें आलें. चार आंकड्यांचा एक संकेत तें कळवितें, आणि उंचीमापकाशीं जोडलेलें असल्यास विमानाची उंचीही सांगतें. या पद्धतीला दुय्यम रडार म्हणतात. नुसत्या प्रतिध्वनीवर चालणारें तें प्राथमिक रडार.

येथें पहिला वाद उभा राहिला. पाहण्याचा खर्च सरकार करीत होतें. उत्तर देण्याचा खर्च मात्र विमानाच्या मालकानें करावयाचा होता. मोठ्या कंपन्यांना तो झेपला. परंतु हौसेनें लहान विमान बाळगणाऱ्या हजारों लोकांना ही सक्ती जाचक वाटली. आकाश सर्वांचें आहे, तेव्हां स्वच्छ हवेंत आपल्या डोळ्यांवर विसंबून उडणाऱ्यानें हें ओझें कां वाहावें, असा त्यांचा प्रश्न होता. आणि तो अगदींच अनाठायीं नव्हता. त्याला उत्तर मिळालें तें ३१ ऑगस्ट १९८६ रोजीं, लॉस एंजिल्सजवळच्या सेरिटोस या वस्तीवर. उतरण्यासाठीं येणाऱ्या एका मेक्सिकन प्रवासी विमानाची आणि चुकून नियंत्रित आकाशांत शिरलेल्या एका लहानशा खासगी विमानाची टक्कर झाली. हवेंतील ६७ व खालच्या घरांतील १५ मिळून ८२ जण मृत्युमुखीं पडले. त्या लहान विमानांत ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. त्यानंतर मोठ्या विमानतळांच्या परिसरांत उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला. तसेंच, दोन विमानांतील यंत्रांनीं परस्परांशीं बोलून वैमानिकांना ‘वर जा’, ‘खालीं जा’ असें सांगावयाचें, ही ‘टीकास’ नांवाची योजना १९८७ च्या कायद्यानें अमेरिकेंत प्रवासी विमानांना बंधनकारक ठरली.

भारताला हा धडा दहा वर्षांनीं फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळीं दिल्लीहून सौदी अरेबियाचें बोइंग-७४७ विमान वर चढत होतें, आणि कझाकस्तानचें इल्यूशिन-७६ विमान समोरून उतरत येत होतें. दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग वायुदलासाठीं राखून ठेवलेला असल्यामुळें येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता. सौदी विमानानें १४,००० फुटांवर आणि कझाक विमानानें १५,००० फुटांवर राहावें, अशी आज्ञा होती. नियंत्रकासमोर प्राथमिक रडार होतें. समोरचें विमान किती मैलांवर आहे, हें तो पाहूं शकत होता व त्यानें तें कळविलेंही. परंतु तें किती उंचीवर आहे, हें त्याला वैमानिकाच्या तोंडूनच ऐकावें लागे. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खालीं आलें, आणि पडद्यावर तें दिसलें नाहीं. हरियाणांतील चरखी दादरी या गांवाजवळ दोन्ही विमानें एकमेकांवर आदळून ३४९ माणसें ठार झालीं. हवेंत झालेल्या टकरींमध्यें याहून अधिक बळी दुसऱ्या कोणत्याही टकरीनें घेतलेले नाहींत. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशीनें कझाक वैमानिकांनीं उंची सोडल्याचा दोष दाखविला. पुढें येण्याजाण्याचे मार्ग निराळे झाले, दुय्यम रडार आलें, आणि भारताच्या आकाशांत टीकास सक्तीचें झालें.

मात्र नवें साधन आलें कीं नवा प्रश्नही येतो. जमिनीवरचा माणूस एक सांगतो आणि विमानांतलें यंत्र दुसरें. अशा वेळीं वैमानिकानें कोणाचें ऐकावें? जानेवारी १९०१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जानेवारी २००१ मध्यें जपानवर दोन प्रवासी विमानें याच पेंचामुळें टकरीच्या तोंडीं आलीं. तेथें अनेक प्रवासी जखमी झाले, पण प्राण वांचले. पुढच्या वर्षीं, १ जुलै २००२ च्या रात्रीं, जर्मनींतील युबरलिंगेनवर तें दैव लाभलें नाहीं. झुरिचच्या नियंत्रकानें रशियन विमानाला खालीं येण्यास सांगितलें; त्याच क्षणीं टीकासनें त्याला वर जाण्यास सांगितलें. समोरच्या मालवाहू विमानाला टीकासनें खालीं जाण्याचा इशारा दिला, व तें खालीं गेलें. रशियन वैमानिकांनीं माणसाचें ऐकलें. दोन्ही विमानें खालीं येत येत एकत्र आलीं आणि ७१ जण गेले. त्यांत सुटीसाठीं निघालेलीं शाळकरी मुलें पुष्कळ होतीं. यानंतर अशा प्रसंगीं यंत्राचा इशाराच अखेरचा मानावा, असा नियम जगभर निःसंदिग्ध शब्दांत लिहिला गेला.

दरम्यान पहाऱ्याची तिसरी रीत आकार घेत होती. उपग्रहांच्या साहाय्यानें विमानाला आपलें स्थान कांहीं यार्डांच्या अचूकपणानें कळूं लागलें होतें. मग रडारनें बारा-बारा सेकंदांनीं एक फेरा घालून त्याला शोधण्यापेक्षां, विमानानेंच आपलें स्थान, उंची, वेग व नांव दर सेकंदाला सर्वांना ऐकूं जाईल असें पुकारीत जावें, ही ती कल्पना. तिला ‘एडीएस-बी’ म्हणतात. जमिनीवर फिरत्या अजस्र तबकडीऐवजीं एक साधी अँटेना पुरते, आणि जवळच्या विमानालाही ही हांक ऐकतां येते. अलास्काच्या ओसाड, डोंगराळ मुलखांत, जेथें रडार उभारणें दुरापास्त होतें, तेथें लहान विमानांवर तिचा प्रयोग झाला, आणि १ जानेवारी २००१ पासून बेथेल येथील विमानांमधील अंतर राखण्यासाठीं तिचा उपयोग सुरू झाला. ज्या ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण अंतर्भागावर रडारची दृष्टि कधींच पोंचली नव्हती, त्या देशानें २००९ अखेर उंचावरचें सारें आकाश या रीतीनें व्यापलें.

अमेरिकेनें २०१० सालीं नियम केला कीं, १ जानेवारी २०२० पासून नियंत्रित आकाशाच्या बहुतेक भागांत उडणाऱ्या विमानानें ही हांक दिलीच पाहिजे. दहा वर्षांची मुदत दिली तरी वाद मिटला नाहीं. लहान विमानांच्या मालकांनीं हजारों डॉलरांच्या खर्चाकडे बोट दाखविलें. अखेर २०१६ मध्यें सरकारनें ५०० डॉलरांची मदत देऊं केली. कित्येकांनीं विचारलें कीं, स्वस्त ग्राहक-यंत्र घेऊन बसलेल्या कोणालाही आपला प्रवास कळणार असेल, तर खासगी आयुष्याचें काय? परंतु सर्वांत मूलगामी आक्षेप होता तो विश्वासाचा. येथें पहारेकरी स्वतः कांहींच पाहत नाहीं. विमान जें सांगेल तेंच तो खरें मानतो. तें गप्प बसलें तर? त्याला स्वतःलाच आपलें स्थान चुकीचें कळलें असेल तर? कोणीं खोटी हांक दिली तर?

हे आक्षेप काल्पनिक नव्हते. ८ मार्च २०१४ च्या पहांटे मलेशियाचें एक बोइंग-७७७ विमान २३९ माणसांसह बीजिंगकडे जात असतां त्याचा ट्रान्सपाँडर बंद झाला. नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून तें नाहींसें झालें. तें मागें वळून मलाया द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेकडे गेलें, हें मागाहून समजलें तें सैन्याच्या प्राथमिक रडारवरून. म्हणजे १९३५ साली डॅव्हेंट्रीला सांपडलेल्या त्याच जुन्या, न विचारतां पाहणाऱ्या डोळ्यामुळें. पण तो डोळाही किनाऱ्यापासून कांहीं अंतरापर्यंतच पोंचत होता. या घटनेनंतर २०१५ मध्यें विमानांच्या हांका उपग्रहांनीं ऐकाव्या म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेनें त्या लहरींना मान्यता दिली, आणि २०१९ पासून अटलांटिक महासागरावरच्या विमानांचा पहारा अंतराळांतून होऊं लागला. मुकें झालेलें विमान मात्र उपग्रहालाही ऐकूं येत नाहीं.

दुसरी शंकाही खरी ठरली. युद्धाच्या प्रदेशांलगत उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम गोंधळ माजविला जातो, आणि तेथून जाणारीं विमानें आपण भलत्याच ठिकाणीं असल्याचें प्रामाणिकपणें पुकारतात. नोव्हेंबर २०२५ मध्यें दिल्लीला येणाऱ्या कांहीं विमानांनाही असे खोटे संकेत मिळाल्याचें सरकारनें संसदेंत मान्य केलें. म्हणूनच नव्या पद्धतीचे पुरस्कर्ते जीं रडारें मोडीत काढावयास निघाले होते, त्यांतलीं पुष्कळशीं आजही फिरत आहेत.

आणि नियमाला अपवाद ठेवले कीं काय होतें, तें २९ जानेवारी २०२५ च्या रात्रीं वॉशिंग्टनला दिसलें. पोटोमॅक नदीवर उतरत असलेलें प्रवासी विमान व सैन्याचें हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून ६७ जण मरण पावले. हेलिकॉप्टरचा ट्रान्सपाँडर रडारला उत्तर देत होता. पण तें एडीएस-बीची हांक देत नव्हतें. सैन्याला तशी सवलत होती. विमानांनीं नुसती हांक देऊन न थांबतां इतरांची हांक ऐकण्याचें साधनही बाळगलें पाहिजे कीं काय, हा २०१० सालीं बाजूला ठेवलेला प्रश्न त्या रात्रीनंतर अमेरिकेच्या काँग्रेसपुढें पुन्हां आला.

या नव्वद वर्षांच्या वादांत सावधगिरीची बाजू घेणारे पुष्कळदां बरोबर होते, आणि सुधारणेची घाई करणारेही. उत्तर न देणाऱ्या विमानासाठीं पाहणारा डोळा लागतो; डोळ्याला न दिसणारी उंची कळण्यासाठीं विमानाचें उत्तर लागतें; आणि जेथें डोळा पोंचत नाहीं, तेथें ऐकणारा कान लागतो. एकानें दुसऱ्याला काढून टाकावें असा हा व्यवहारच नव्हे. चरखी दादरीच्या सायंकाळीं नियंत्रकानें अंतर पाहिलें आणि उंची ऐकली. जें ऐकलें तें पडताळण्याचें साधन तेवढें त्याच्या हातीं नव्हतें. तें साधन त्या वेळीं जगांत होतें, परिचित होतें आणि पैसे मोजून मिळत होतें. त्याच्या किंमतीचा वाद करणारांनीं, तें नसल्याची किंमत त्या शेतांतून वेंचावी लागली, हें विसरूं नये.