परागकणांची ॲलर्जी आणि डोळ्याची साक्ष

१६ मार्च १८१९ रोजी लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी एक छोटा निबंध वाचला. ‘जे. बी.’ नावाच्या सेहेचाळीस वर्षांच्या रुग्णाची ती हकिगत होती, आणि तो रुग्ण म्हणजे स्वतः बॉस्टॉकच. वयाच्या आठव्या वर्षापासून दर जूनच्या सुरुवातीला किंवा मध्यावर त्यांचे डोळे गरम आणि जड होत. पापण्यांच्या कडांना आणि विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यांना जास्त त्रास होई. मग तीव्र खाज सुटे, बुबुळात टोचल्यासारखे होई, घट्ट चिकट स्राव येई. शिंका, छाती आवळणे आणि धाप लागणे हे सारे त्यानंतरचे. ठरावीक काळाने उद्भवणारा डोळ्यांचा आणि छातीचा विकार, अशा अर्थाचे शीर्षक त्यांनी निबंधाला दिले. त्यात नाक नाही. आज मोसमी ॲलर्जी म्हटली की शिंका आणि वाहते नाक आठवते, डोळ्यांची गोष्ट जाता जाता सांगितली जाते. हा क्रम इतिहासाला धरून नाही. हा आजार नेमकेपणाने प्रथम नोंदला गेला तो डोळ्यांपासून सुरुवात करून. पुढे त्याचे कारण शोधताना डोळ्यावर प्रयोग झाले, आणि त्यावरचा पहिला शास्त्रीय उपचार मोजून देता आला तोही डोळ्याच्या आधारेच.

एका माणसाच्या तक्रारीवरून एवढे अनुमान कसे काढायचे, ही शंका रास्त आहे. त्याहून जुनी साक्षही आहे: गुलाब फुलण्याच्या दिवसांत अबू झैद अल-बल्खी यांना होणाऱ्या सर्दीवर पर्शियन वैद्य अल-राझी यांनी एक प्रकरण लिहिले होते, आणि त्यात सगळा भर नाकावर आहे. पण फुलांच्या वासाने सर्दी होते एवढे सांगणे वेगळे, आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच क्रमाने येणारा स्वतंत्र आजार म्हणून त्याची नोंद करणे वेगळे. शिवाय बॉस्टॉक एका हकिगतीवर थांबले नाहीत. १८२८ मध्ये त्यांनी अठ्ठावीस रुग्णांची माहिती मांडली. नऊ वर्षांच्या शोधानंतर हाती लागलेला हा आकडा लहान आहे. तो आजार तेव्हा किती दुर्मीळ, की किती दुर्लक्षित, हा प्रश्न इतिहासकारांपुढे अजून आहे. तोवर लोकांनी त्याला ‘हे फीवर’ म्हणायला सुरुवात केली होती. वाळलेल्या गवतामुळे हा त्रास होतो ही लोकसमजूत बॉस्टॉक यांना पटली नाही. त्यांनी दोष दिला उन्हाला आणि उष्म्याला. खरे तर लोक सत्याच्या अधिक जवळ होते. कारण चुकले तसे उपायही चुकले: रक्त काढणे, जुलाब, फोड आणणारे लेप, अफू, पारा, डिजिटॅलिस, थंड पाण्याची स्नाने. इतके सोसूनही जून आला की डोळे लाल व्हायचे ते झालेच.

कारण शोधले ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच आजार होता. परागकणांवर संशय त्यांच्याआधीही काहींनी घेतला होता, पण ब्लॅकली यांनी तो पडताळून पाहिला. उष्मा, धूळ, ओझोन, वेगवेगळे वास असा एकेक संशयित त्यांनी तपासून बाजूला सारला. मग गवतांचे पराग त्यांनी स्वतःच्या नाकात घेतले, ओठांना आणि जिभेला लावले, पापणीच्या आतल्या आवरणावर ठेवले, आणि हातापायाच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यात चोळले. त्यांचे पुस्तक १८७३ मध्ये आले. एकाच माणसाने स्वतःच्या अंगावर केलेले प्रयोग, आणि तोही होमिओपॅथ, म्हणून अनेक समकालीनांनी ते बाजूला ठेवले. ही टीका सर्वस्वी चुकीची नव्हती. ज्याला आपले अनुमान ठाऊक आहे त्याला त्रास जाणवू शकतोच. पण लाल झालेला, सुजलेला डोळा दुसऱ्याला दिसतो. आणि ब्लॅकली यांच्याकडे दुसरा, शरीराबाहेरचा पुरावाही होता. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून त्यांनी दररोज त्यावर पडलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, पतंगांना पट्ट्या बांधून उंचावरची हवा तपासली. परागांची संख्या जूनच्या अखेरीस शिगेला जाई, आणि त्यांचा त्रासही तिच्याबरोबर चढे आणि उतरे. आज वर्तमानपत्रांत छापले जाणारे परागांचे आकडे या काचपट्ट्यांचेच वंशज आहेत. एक कोडे मात्र त्यांना सुटले नाही: रोज गवतात राबणारे शेतकरी कसे सुटतात, आणि शहरातले सुखवस्तू लोकच का सापडतात? या कोड्यावर आजही संशोधन चालू आहे.

डोळ्याची सर्वांत मोठी कामगिरी १९११ सालची. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी टिमोथी गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना टोचायला सुरुवात केली. अर्क किती टोचायचा, हा खरा प्रश्न होता. थोडा कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर रुग्णाचा त्रास उलट वाढतो. नून यांनी एक एकक ठरवले: एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाइतक्या परागांतून निघणारा अर्क. मग वेगवेगळ्या तीव्रतेचे थेंब रुग्णाच्या डोळ्यात घालून, कोणत्या थेंबाला डोळा लाल होतो ते पाहिले. ती त्या रुग्णाची सहनशक्ती. काही टोचण्या झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा घेतली, की सहनशक्ती वाढली की घटली ते आकड्यांत कळे. वरचेवर किंवा अति टोचल्यास ती घटते, हेही त्यांना यातूनच कळले. परागांत विष असते असे नून मानत, आणि ते चूक होते. तरीही उपचार टिकला, याचे श्रेय मी त्यांच्या सिद्धांताला देत नाही, त्यांच्या मोजमापाला देतो. १९१३ मध्ये क्षयाने नून वारले. सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेले, आणि १९५४ मध्ये त्याच रुग्णालयातल्या फ्रँकलंड आणि ऑगस्टिन यांनी नियंत्रित चाचणीत या टोचण्यांचा गुण सिद्ध केला.

यावर कोणी म्हणेल, मग पुढे त्वचेवरची चाचणी सर्वत्र का रूढ झाली? कारण ती सोयीची आहे. हातावर एका बैठकीत वीस पदार्थ तपासता येतात. डोळा दोनच, आणि त्याला इजा झाली तर परिणाम गंभीर. पण सोयीच्या साधनाने डोळा तपासणीतून गेला तसा तो तक्रारींच्या यादीतूनही खाली घसरला, हे मला खटकते. शास्त्राच्या दृष्टीने त्याला मागे टाकण्याचे कारण नाही. परागकण अश्रूंत भिजला की त्यातली प्रथिने क्षणात सुटतात, डोळ्याच्या आवरणाखालच्या मास्ट पेशींवर बसलेल्या आयजीई प्रतिपिंडांना भिडतात, हिस्टामिन बाहेर पडते, आणि काही मिनिटांत खाज सुटते. हे आयजीई १९६०च्या दशकात इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनच्या योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधले. ॲलर्जीविरोधी नव्या थेंबांची परीक्षा आजही डोळ्यात परागअर्क घालून घेतली जाते, म्हणजे नून यांचीच रीत.

महाराष्ट्रात या दुर्लक्षाची किंमत दिसते. १९५५ मध्ये पुण्यात नोंदलेले गाजरगवत आज रस्तोरस्ती आहे, आणि त्याच्या परागांनी नाक आणि डोळे दोन्ही पेटतात. मुलांमध्ये, विशेषतः पाच ते पंधरा वयाच्या मुलग्यांत, उन्हाळ्यात व्हर्नल नावाचा तीव्र प्रकार दिसतो. त्यात वरच्या पापणीच्या आत फरसबंदीसारखे उंचवटे येतात आणि पारपटलाला जखमही होऊ शकते. लाल डोळा दिसला की घरात ‘डोळे आले’ म्हटले जाते आणि औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. बॉस्टॉक यांचे वर्णन वाचणाऱ्याला फरक कळतो: दोन्ही डोळे, मुख्य तक्रार खाज, दरवर्षी तोच हंगाम. जंतूंमुळे डोळे आले तर ते बहुधा आधी एका बाजूने सुरू होतात, पू येतो, सकाळी पापण्या चिकटतात. ॲलर्जीत थंड पाण्याच्या पट्ट्या, डोळा न चोळणे, कृत्रिम अश्रू आणि अँटिहिस्टामिनचे थेंब यांनी बरेच भागते. चोळण्याची सवय पारपटलाचा आकार बिघडवू शकते, म्हणून मुलांना त्यापासून रोखावे. स्टेरॉइडचे थेंब मात्र नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कधीही घालू नयेत: खाज लगेच शमते, पण महिनोन्महिने घातल्यास मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.